राहिलेला अंतरा

१

नागभीडच्या घरी प्रफुलची सकाळ ठरलेली असे. चहा झाला की पुढच्या खोलीत बसायचं, पेटीचा भाता मोकळा करायचा आणि पेटीच्या माथ्यावर फोन ठेवायचा. दोन सूर लागले न लागले तोच फोन उजळायचा. तो नुसतं बघायचा. बघता बघता बोटं पट्ट्यांवरच थांबायची, भात्यातली हवा सुस्कारा टाकत निघून जायची आणि त्याची बायको दामिनी आतून म्हणायची, "झाला वाटते रियाज."

प्रफुल झाडीपट्टीतल्या नाटकांना चाली लावायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडप उभे राहतात, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये रात्रभर नाटकं रंगतात, आणि लोक गोष्टीइतकेच गाण्यांसाठीही येतात. त्याच्या चाली कधीकाळी नाटक सुटल्यावर बैलबंडीत बसून गावाला जायच्या, आणि पुढच्या रोवणीला चिखलात वाकलेल्या बाया त्याच गुणगुणायच्या. तशी चाल सुचून आता बरीच वर्षं झाली होती.

यंदा नाटकात एक प्रवेश होता. आई गेल्यावर लेक पहिल्यांदा माहेरी येते. नाटक मंडळाच्या मालकीण मीराबाई, आईच्या भूमिकाही त्याच करायच्या. त्यांनी प्रफुलची चाल डोळे मिटून ऐकली आणि हळूच म्हणाल्या, "प्रफुलभाऊ, चाल गोड हाय. पन हे मी कालच नातिनीच्या फोनमंदी आयकली."

"नाई हो बाई, माईच हाय."

"आयकून घ्या मंग."

नातीनं लावून दाखवलं. खरंच तीच चाल होती. त्यानं चोरली नव्हती. विहिरीत पोहरा सोडावा आणि वर भलत्याच घरचं पाणी यावं, तसं झालं होतं.

घरी आल्यावर तो जेवला नाही. दामिनी अंगणवाडीत सेविका होती, दिवसभर पोरांना सांभाळून तिला माणसं ओळखायची सवय झाली होती. ती समोर बसली.

"राग नका मानू. तुमी जेवतानी तेच पाहता, बोलतानी तेच पाहता. मी भिंतीसंग बोलली असती तं तिनं तरी हुंकार देल्ला असता. फोन मायाजवळ राहू द्या. पेटी घ्या अन् गावाले जाऊन बसा जराक. तुमची पयली चाल तिथीच निघाली होती ना?"

तिथंच निघाली होती. राईस मिलमध्ये.

२

चामोर्शीच्या पुढे, आडवाटेच्या गावात ती मिल होती. मन्सूरच्या वडिलांची. प्रफुलचे वडील तिथे इंजिनावर मिस्त्री होते, आणि मिलला लागूनच त्यांना एक खोली दिलेली होती. मन्सूर आणि प्रफुल तुसाच्या ढिगाऱ्यावर घसरगुंडी खेळत एकत्र वाढले. पुढे मोठ्या गिरण्या आल्या, इंजिन भंगारात गेलं. मन्सूरनं चामोर्शीला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान टाकलं. मिलची इमारत तेवढी उरली.

"राह्य ना यार, किल्ली मांगाची काय गोष्ट हाय," मन्सूर म्हणाला. "आत काहीच नाई पन. पाली अन् कबुतरं."

आत खरंच काही नव्हतं. उंच टिनाचं छप्पर, त्याला पडलेल्या भोकांतून खाली आलेल्या उन्हाच्या काड्या. मधोमध इंजिनाचा सिमेंटचा ओटा आणि त्यातून वर आलेले गंजके बोल्ट. पलीकडे बिनकवाडाची मागची खोली. तिथे बाया ओळीनं बसून तांदूळ पाखडायच्या. तोंडाला फडकं बांधून, कोंडा नाकात जाऊ नये म्हणून. त्या ओळीत, भिंतीकडच्या टोकाला, प्रफुलची आई असायची.

तो शाळेत असतानाच ती गेली. तिचा चेहरा आठवायचा म्हटलं की त्याला आधी ते फडकंच आठवे, आणि वरचे हसरे डोळे.

पहिले काही दिवस वाईट गेले. हात सारखा खिशाकडे जाई. खिसा रिकामा, तरी मांडीवर थरथर जाणवे. तो चपापून हात लावी, मग स्वतःशीच हसे. पेटीवर मन लागेना. शेजारच्या चंदाबाई दोन्ही वेळ जेवण आणून देत. त्याही एके काळी मिलमध्ये पाखडायला होत्या. आता एकट्याच राहत, अंगणात बसून तलावातल्या मासोळ्या वाळवत.

"तुया बाप इंजन चालू झाल्याबिगर चहाले तोंड लावत नोता," त्या ताट ठेवता ठेवता सांगत. "अन् तू इंजनाच्या पट्ट्याच्या तालावर डबा वाजवत बसाचा. तुई आई म्हने, माया लेक बाजेवाला होते का काय!"

मग एके सकाळी प्रफुलला जाणवलं की तो बराच वेळ नुसता ऐकत बसला आहे. कबुतराचं घुमणं, तलावावर कुणीतरी कपडा आपटत होतं ते, टिनावर उन्हाचं कडकडणं. एकेक आवाज वेगळा, पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ. लहानपणानंतर असं कान देऊन तो बसलाच नव्हता. त्याचे डोळे भरून आले. त्यानं पेटी उघडली.

३

चाल आपसूक येऊ लागली. संथ, डुलती, टोकाला किंचित अडखळणारी. ते अडखळणं त्याला फार आवडलं. इंजिनाच्या पट्ट्याला एक जोड होता. पट्टा फिरला की तो जोड चाकावरून जाताना टक् वाजे. झूम झूम झूम, टक्. त्याच तालावर तो लहानपणी डबा बडवायचा. आज तोच ताल बोटांत उतरला होता.

त्यानं भाता थांबवला. सूर विरला.

टक्.

त्यानं मान वर केली. पुन्हा, नेमक्या अंतरानं, टक्. मग आणखी एकदा, जरा दमानं, इंजिन बंद केल्यावर पट्टा मंदावत जातो तसं. आणि मग काही नाही.

कानाची सवय, त्याला वाटलं. खिसा रिकामा असताना मांडी थरथरत होतीच की. आता कान थरथरतोय. तरीही संध्याकाळी त्यानं चंदाबाईंना विचारलं, "मावशी, थ्रेशर चालू झाले काय गावात?"

"आत्ता कुठी गा? धान हिरवं हाय अजून."

"मोटारपंप?"

"तलाव भरला हाय. पंप कोन लावते?"

दुसऱ्या दिवशी तो वाजवायला बसला नाही, नुसता ओट्याजवळ उभा राहिला. बाहेर ढग होते, उन्हाच्या काड्या नव्हत्या. त्यानं सहज ओट्यावर तळहात टेकवला आणि झटक्यात काढून घेतला. सिमेंट कोमट होतं. बापानं जेवायच्या सुट्टीत इंजिन बंद केलं की छोटा प्रफुल ओट्याला पाठ लावून बसायचा. पाठीला लागे तशी ऊब होती ती.

सिमेंट ऊन धरून ठेवतं, त्यानं स्वतःला समजावलं. कालचं ऊन असेल.

पण बराच वेळ झाला तरी तो तिथून हलला नाही. पाठ टेकून बसला. भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते घरी आल्यासारखं.

४

त्यानंतर प्रफुलनं आवाजाशी भांडणं सोडून दिलं. दुपारी जेवण झाल्यावर गाव सुस्तावे तेव्हा तो पेटी घेऊन बसे. थोड्या वेळानं टक् सुरू होई. तो त्याला धरून वाजवी. आणि त्या आवाजाच्या खाली, मागच्या खोलीतून, बायांचं गुणगुणणं येऊ लागलं. आधी शब्द कळत नव्हते. मग कळले.

पाखडता पाखडता दिस गेला गे बाई,
तांदूळ गेला दूरदेशी, कनकी माया ठाई.

कनकी म्हणजे मोडका तांदूळ. सडताना तुटतो तो मागे राहतो, धड असतो तो पोत्यात भरून लांब जातो. माहेरी आलेल्या लेकीच्या प्रवेशाला याहून नेमके शब्द कुणी लिहिले असते? प्रफुल थरारून गेला. हे आपल्याच आत पडून होतं, तो मनाशी म्हणाला. आई म्हणायची, आपण ऐकलं, विसरलो. फोनचा गलका थांबला म्हणून वर आलं. माणसाच्या डोक्यात काय काय साठलेलं असतं.

असं म्हटलं की सगळं जागच्या जागी बसे. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. मुखडा म्हणून झाला की बाया थांबत, सगळ्या मिळून श्वास घेत, पुढचा अंतरा उचलायला घेतात तसा. आणि तिथेच सगळं बंद पडे. स्वतःच्या आठवणीतल्या बायांचा श्वास माणसाला इतका जवळून ऐकू येतो का?

एका सकाळी चंदाबाई ताट न आणताच दारात आल्या.

"काल कोन पावनी आली होती तुयाकडे?"

"कोनी नाई, मावशी."

"नाई कशी? मी दुपारी जेवन घेऊन आलो तं बाई दारात उभी. म्हने, राहू द्या, तो आमच्यात जेवला. मले वाटलं तुई दामिनी होय. पन तोंडाले फडकं बांधलं होतं, वळखू नाई आली."

प्रफुलनं आठवून पाहिलं. काल दुपारी तो वाजवत होता. संध्याकाळीही वाजवतच होता. जेवला कधी? आठवेना. पण भूक लागली नव्हती, काल नाही आणि आत्ताही नाही.

"दुसऱ्या कोनाच्या घरची असन," तो म्हणाला.

"हो, तसंच असन," चंदाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या खांद्यावरून आत, मागच्या खोलीकडे पाहत राहिल्या.

५

त्या दिवशी दुपारी लख्ख ऊन होतं. प्रफुलनं ठरवलं होतं, आज अंतरा मिळवायचाच. मुखडा त्यानं पुनःपुन्हा वाजवला. बाया म्हणत गेल्या. आणि त्या थांबल्या, त्यांनी श्वास घेतला, तेव्हा तो पेटी सोडून उठला आणि मागच्या खोलीच्या दाराशी गेला.

उन्हाच्या काड्यांत कोंड्याची धूळ तरंगत होती, पूर्वीसारखी, सोनेरी. त्या धुळीत बाया पाठमोऱ्या बसल्या होत्या. मानेवर फडक्यांच्या गाठी. सुपं वर जात होती, खाली येत होती, आणि त्यांचा कसलाच आवाज नव्हता. भिंतीकडच्या टोकाची बाई त्यानं मानेवरून ओळखली. कोपराजवळ गोंदलेला विंचू होता, लहानपणी तो त्यावरून बोट फिरवायचा.

ती जराशी सरकली. वळली नाही. डाव्या हातानं तिनं शेजारची रिकामी जमीन थोपटली, ये, बस, म्हणतात तशी.

प्रफुल बसायला वाकला. पुढे कितीतरी वेळा त्याला या क्षणाची आठवण झाली, आणि दर वेळी एकाच गोष्टीनं अंगावर काटा आला: त्याला अजिबात भीती वाटली नव्हती. फक्त हायसं वाटलं होतं. आता काही करायला नको, कुठे जायला नको.

बाहेर मोटारसायकल थांबली. पाठोपाठ फोनची घंटी, कर्कश, कसल्यातरी लग्नातल्या गाण्याची.

"प्रफुल्या! अरे, हायेस का आत?" मन्सूर हातात फोन धरून आला. "दामिनीवहिनी कालपासून जान खाऊन राह्यली माई. घे, बोल."

प्रफुल दाराच्या चौकटीला धरून उभा होता. समोर रिकामी खोली होती, कबुतराची विष्ठा आणि ऊन. त्यानं फोन कानाला लावला.

"आवाज कसा येऊन राह्यला तुमचा?" दामिनी म्हणाली. "दुरून येऊन राह्यला."

"इथीच हाय मी."

"घरी या. चाल नाई जमली तं नाई जमली. मले मनात बरं नाई वाटून राह्यलं."

मन्सूर त्याच्याकडे टक लावून पाहत होता. फोन बंद झाल्यावर त्यानं प्रफुलच्या खांद्यावर हात फिरवला आणि बोटं उन्हात धरली.

"हे काय? कोंडा? भुवयांवर पन हाय. कुठला काढलास यार? इथी तं दाना नाई किती सालांपासून."

प्रफुलनं पेटी बांधायला घेतली.

६

मन्सूरच्या गाडीवरूनच तो निघाला. चंदाबाईंना न सांगता जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांच्या अंगणाशी गाडी थांबवली. त्या चटईवर मासोळ्या पसरत होत्या.

"निघाला? गाणं भेटलं का?"

"अर्धं भेटलं, मावशी." आणि त्यानं मुखडा गुणगुणून दाखवला.

चंदाबाईंचा हात मासोळ्यांवर थांबला. त्या म्हणाल्या, "हे तं आमचं होय गा. आमी मिलीत म्हनत होतो. तुई आई पयले उचलाची, मंग आमी."

"पुढचं येते तुमाले?"

त्यांनी तोंड उघडलं, श्वास घेतला आणि तशाच थांबल्या. डोळे दूर लागले. "होटावर हाय बाप्पा. येत नाई. किती मजा येत होती रे तवा. सगड्या गेल्या, मीच राह्यलो एकटी." पदरानं त्यांनी डोळे टिपले. "आठवलं का मन्सूरच्या फोनातून धाडतो तुले."

त्या घडीला प्रफुलनं नको म्हणायला हवं होतं. पण गाणाऱ्याचा लोभ वाईट. "निवांत बसून आठवा, मावशी," तो म्हणाला, "गडबड नाई."

७

वडशाला मंडळाच्या तालमी सुरू झाल्या. मीराबाईंनी मुखडा ऐकला आणि पदर डोळ्यांना लावला. पेटीवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे हातातलं काम सोडून जवळ आले.

"अंतरा?" त्यांनी विचारलं.

"देतो."

फोनचा नेम त्यानं मोडला नव्हता. दिवसभर फोन दामिनीच्या कपाटात असे, संध्याकाळी एकदा हातात येई. लक्ष परत आलं होतं, ते त्याला घालवायचं नव्हतं. दामिनी बोलायची तेव्हा तो तिच्याकडे पाहायचा. ती सुखावली होती.

एका संध्याकाळी तालमीवरून आला तर ती दारातच उभी होती.

"मन्सूरभाऊचा फोन आलता मायावर. तुमच्या चंदाबाई गेल्या."

त्यानं तिच्याच फोनवरून मन्सूरला लावलं. मन्सूरचा आवाज बसला होता. बाई घरात नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी शोधलं. मिलच्या मागच्या खोलीत सापडली. भिंतीला टेकून, मांडी घालून बसलेली, मांडीवर सूप. जागी असावी तसा चेहरा, शांत.

"कुलूप मीच लावलं होतं यार," मन्सूर पुनःपुन्हा म्हणत होता. "किल्ली मायाच खिशात होती. बाई आत गेली कुठून? अन् तिचा निरोप मी तुले काल रातीच धाडला होता. आयकला नाई का?"

प्रफुलनं कपाटातून फोन काढला. मन्सूरकडून आलेला आवाजाचा निरोप होता. त्यानं लावला.

"चालू झालं का रे हे?" चंदाबाई विचारत होत्या. मग खुशीत, पोरीसारख्या: "प्रफुल, बाबू, आठवलं बग मले. सगडं आठवलं. काल निवांत बसलो अन् झरझर आलं. आयक आता." त्या खोकल्या. मग आवाज जरा लांब गेला, तोंड फिरवून कुणाशी बोलावं तसा. "सरक ना वो बाई, जराशी. हो, हो, त्यालेच धाडून राह्यलो."

आणि श्वास घेतला गेला.

तो एकट्या बाईचा श्वास नव्हता. प्रफुलनं अंगठा दाबून निरोप थांबवला.

तेरवीला गावी गेला तेव्हा त्यानं मन्सूरला विचारलं, "निरोप घेतला तवा कोन कोन होतं?"

"आमी दोघंच. तिच्या आंगनात, भर दुपारी. मधीच कोनाले तरी म्हने सरक. मले वाटलं कोंबडीले म्हनून राह्यली."

"गायली का मंग?"

"गायली ना. लय सुंदर गायली. मी रडलो यार." मन्सूरनं कपाळ चोळलं. "पन एक ओळ आठवत असन तं कसम. त्याच घडीले गेली डोक्यातून."

नाटक लागलं. अंतरा प्रफुलनं स्वतःच रचला, बेताचा, आणि लोकांनी तोही डोक्यावर घेतला. गावोगावच्या म्हाताऱ्या मुखड्यालाच रडून घेत, पुढचं ऐकायला त्यांचं लक्ष नसे. मीराबाई म्हणाल्या, "प्रफुलभाऊ, तुमच्या हाताले कोनाचा तरी आशीर्वाद हाय." दामिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, फोन सोडला अन् माणूस परत भेटला.

फोन जुना झाला आहे, काच तडकली आहे. दामिनी नवीन घेऊ म्हणते, तो विषय बदलतो. दुपारी ती अंगणवाडीत असते, घर शांत असतं. तेव्हा तो पेटी बाजूला सारतो, कपाटातून फोन काढतो आणि निरोप लावतो. खोकला, सरक ना वो बाई, आणि तो श्वास. तिथे अंगठा दाबायचा, हे त्यानं ठरवून टाकलं आहे.

पण अलीकडे अंगठा जरा उशिरा पडतो. अंतऱ्याचा पहिला शब्द 'ये' असा आहे, एवढं त्याला आता कळलं आहे.